खिडकीच्या काचा आणि श्रावकाची यतना



पर्युषण आणि दशलक्षण ही दोन्ही पर्वे पार पडली, क्षमापना झाली आणि आता आश्विन महिन्यात घरोघरी दिवाळीच्या साफसफाईची लगबग सुरू झाली आहे. आश्विन अमावास्या हा भगवान महावीरांचा निर्वाणदिन, आणि आपल्या व्यापारी घरांत तो वहीपूजनाचाही दिवस. तोपर्यंत घर, दुकान आणि पेढी स्वच्छ झाली पाहिजे, असा दंडक आपल्या वडीलधाऱ्यांनी घालून दिला आहे व तो योग्यच आहे. परंतु या साफसफाईच्या यादीत किराणा दुकानातून येणाऱ्या रंगीत बाटल्यांची संख्या वर्षागणिक वाढत चालली आहे. काचेसाठी एक, फरशीसाठी दुसरी, न्हाणीघरासाठी तिसरी, आणि कोळ्यांच्या जाळ्यांसाठी व मुंग्यांसाठी चौथी.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण नावाचे एक गुणव्रत आहे. ज्या हिंसेवाचून आपले काही अडत नाही, ती न करणे, हा त्याचा साधा अर्थ. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत प्रमादचर्या हा एक आहे. कारण नसताना पाणी सांडणे, भूमी खणणे, अग्नी पेटविणे, वनस्पती तोडणे, अशा बेसावध वर्तनाचा त्यात समावेश होतो. खिडकीची काच पुसण्यासारखी क्षुल्लक वाटणारी क्रिया या कसोटीवर घासून पाहिली, तर तिच्यात विचार करण्याजोगे पुष्कळ काही सापडते. या महिन्याचे सदर म्हणूनच काचेसाठी राखून ठेवले आहे.

काचेवर नेमके काय साचते?

रोगाचे निदान झाल्याशिवाय औषध देऊ नये, हा नियम येथेही लागू आहे. काचेवरची मळ एकाच जातीची नसते. ढोबळमानाने तिचे चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार म्हणजे धूळ. रस्त्यावरची, बांधकामाची, शेताची. तिच्यात वाळूचे अतिसूक्ष्म कण असतात. कोरड्या फडक्याने जोर लावून पुसले, तर हेच कण काचेवर ओरखडे काढतात. धुळीला कोणतेही रसायन लागत नाही. हलका हात आणि ओले फडके पुरते.

दुसरा प्रकार तेलकट थराचा. स्वयंपाकघरातील फोडणीची वाफ खिडकीवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते आणि पिवळसर चिकट पापुद्रा तयार होतो. केवळ पाण्याने तो निघत नाही. तेल आणि पाणी यांचे मीलन घडवून आणणारा पदार्थ, म्हणजे साबण किंवा साबणासारखे काही, येथे हवे.

तिसरा प्रकार पांढऱ्या डागांचा. विंधनविहिरीचे जड पाणी काचेवर उडून वाळले की पाणी वाफ होऊन जाते आणि त्यातील चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार मागे राहतात. हा डाग साबणाने हलत नाही. तो विरघळतो आम्लात.

चौथा प्रकार पक्ष्यांच्या विष्ठेचा, तसेच चिकटपट्टी किंवा रंगाच्या थेंबांचा. याला भिजवून मऊ करणे हाच मुख्य उपाय.

यावरून लक्षात येईल की, सर्व डागांवर एकच जालीम द्रावण फवारणे ही अपव्ययाची रीत आहे. धुळीसाठी आम्ल वाया जाते, आणि क्षारांवर साबण वाया जातो.

आधी जीवरक्षा, मग स्वच्छता

काच हा खिडकीचा सर्वांत निर्जीव भाग. खरी वस्ती असते ती सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचांत, रबराच्या कडांत आणि जाळीच्या कोपऱ्यांत. पावसाळा संपता संपता तेथे मुंग्या, कोळी, लहान पतंग, क्वचित पालीची अंडी आढळतात. रबराच्या कडेला ओल राहिली, तर काळपट बुरशी आणि हिरवट शेवाळ धरते. शेवाळ म्हणजे अनंतकाय, हे आपल्याला पाठशाळेपासून ठाऊक आहे. रसायनाचा पहिला फवारा या जीवांवर पडतो, काचेवर नंतर.

म्हणून कामाचा आरंभ बाटलीने न करता पूंजणीने करावा. मऊ धाग्यांच्या पूंजणीने खाच हळुवार झाडावी, मुंग्यांना वाट करून द्यावी, कोळी असल्यास तो कागदावर घेऊन बाहेर सुरक्षित जागी सोडावा. मुंग्यांची रांग चालू असेल, तर ती खिडकी त्या दिवशी सोडून द्यावी. त्यांना ओढून आणणारा गोडाचा किंवा तुपाचा कण दूर केला की बहुधा दुसऱ्या दिवशी रांग आपोआप मोडते.

खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर कबुतराने घरटे केले असेल व त्यात अंडी वा पिल्ले असतील, तर ते हलवू नये. अंडी उबण्यास सुमारे 18 दिवस आणि पिल्लू उडून जाण्यास त्यानंतर साधारण एक महिना लागतो. दीड-दोन महिन्यांची ही मुदत गेल्यावर रिकामी जागा स्वच्छ करून जाळी बसवावी, म्हणजे पुढे कोणाचाच संसार मोडावा लागणार नाही. मात्र कबुतरांची वाळलेली विष्ठा कोरडी खरडू नये. तिची धूळ श्वासात गेल्यास फुप्फुसांचे गंभीर विकार होऊ शकतात. नाका-तोंडावर कापड बांधून, विष्ठेवर ओले फडके काही वेळ ठेवून, मऊ झाल्यावर ती उचलावी.

हे सारे काम दिवसाच्या उजेडात करावे. रात्री दिवा लावून खिडकी उघडली की किडे प्रकाशाकडे धावून येतात आणि ओल्या काचेला चिकटून मरतात. शिवाय भर उन्हातही काच पुसू नये. पाणी पुसण्याआधीच वाळते आणि पट्टे उमटतात. सूर्योदयानंतरचा सकाळचा प्रहर, खिडकीवर थेट ऊन येण्यापूर्वीचा, सर्वांत सोयीचा.

पाणी कोणते आणि किती?

पाणी गाळून वापरण्याचा आपला नियम केवळ पिण्यापुरता नाही. काच पुसण्याचे पाणीही दुहेरी जाड गळण्यातून गाळून घ्यावे. त्यातून व्यवहारातला फायदाही होतो. पाण्यातील रेतीचा कण फडक्यात येत नाही आणि काच ओरबाडली जात नाही.

नळी लावून खिडक्या धुण्याची पद्धत सोडून द्यावी. अप्कायाची विराधना तर त्यात होतेच, पण खाली राहणाऱ्यांच्या भिंती खराब होतात आणि खाचांत साचलेले पाणी पुन्हा शेवाळाला आमंत्रण देते. मध्यम आकाराच्या दोन खोल्यांच्या खिडक्यांना अर्धी बादली पाणी पुरते, फक्त त्याचे दोन भाग करावेत. एका भांड्यात फडके भिजवावे आणि दुसऱ्यात मळके फडके पिळावे. एकाच बादलीत सर्व केले, तर दुसऱ्या खिडकीपासून आपण मळीनेच काच पुसू लागतो.

आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी अनेक काटकसरी घरांत साठवून वापरले जाते. फरशी पुसण्यास ते उपयोगी आहे. काचेला मात्र ते लावू नये. त्यात क्षारांचे प्रमाण मूळ पाण्यापेक्षा अधिक असते, त्यामुळे पांढरे डाग वाढतात. याच्या उलट, वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी म्हणजे हवेतील बाष्प थंड होऊन झालेले पाणी. त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते स्वच्छ भांड्यात झाकून धरावे, गाळावे आणि त्याच दिवशी काचेच्या अखेरच्या पुसणीस वापरावे. जड पाण्याच्या वसाहतींत या एका युक्तीने डागांचे अर्धे दुःख संपते.

घरातील चार उपाय

*पहिला उपाय : पाणी आणि दोन फडकी.* जुने धोतर, मलमलीचा दुपट्टा किंवा वापरून मऊ झालेली सुती साडी यांची फडकी काचेला उत्तम. नवे, खळ असलेले कापड पाणी शोषत नाही. एक फडके ओले करून घट्ट पिळून पुसावे, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने काच कोरडी करावी. आतल्या बाजूने आडवे आणि बाहेरच्या बाजूने उभे पुसावे. एखादा पट्टा राहिला, तर तो कोणत्या बाजूचा आहे हे त्याच्या दिशेवरून तत्काळ कळते. दर आठवड्याला एवढेच केले, तर पुढच्या तीन उपायांची गरज क्वचितच पडेल.

*दुसरा उपाय : रिठा.* तेलकट थरासाठी रिठ्यासारखा दुसरा पदार्थ नाही. सराफ मंडळी दागिने उजळण्यास तो पिढ्यान् पिढ्या वापरीत आली आहेत. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते, तेच फेस आणते आणि तेल सोडविते. आठ-दहा रिठे फोडून, आत कीड नाही हे पाहून, बिया काढून टाकाव्यात. साली अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन-तीन तास भिजवून दहा मिनिटे उकळाव्यात, कोमट झाल्यावर चोळून गाळून घ्याव्यात. या तपकिरी पाण्याचा एक भाग आणि साध्या पाण्याचे चार भाग एकत्र करून काचेवर लावावे, थोड्या वेळाने ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसावे. दाट द्रावण लावल्यास काचेवर धूसर थर राहतो. उरलेले पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. ते आंबते आणि त्यात जीवोत्पत्ती होते. लागेल तेवढेच करावे, उरले तर त्याच दिवशी भांडी घासण्यास वापरून संपवावे.

*तिसरा उपाय : लिंबू.* पांढऱ्या डागांना आम्ल हवे, आणि लिंबाच्या रसात सुमारे पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असते. एका लिंबाचा गाळलेला रस एक पेलाभर पाण्यात मिसळावा, त्यात फडके भिजवून ते डागावर पाच-दहा मिनिटे चिकटवून ठेवावे, नंतर चोळून, साध्या पाण्याने पुसून काच कोरडी करावी. जुन्या डागाला हीच क्रिया दोन-तीन वेळा करावी लागते. खरे तर याकरिता नवे लिंबू कापण्याचेही कारण नाही. सरबत वा लोणचे केल्यावर पिळून उरलेल्या सालींत पुरेसे आम्ल शिल्लक असते. त्याच दिवशी त्या काचेवर फिरवाव्यात. सालीतील तेलामुळे चिकटपट्टीचा डिंकही सुटतो. पर्वतिथीला ज्या घरांत लिलोतरीचा त्याग असतो, तेथे त्या दिवशी पहिल्या उपायावरच थांबावे.

*चौथा उपाय : व्हिनेगर, विचारपूर्वक.* घरगुती स्वच्छतेच्या बहुतेक पाककृतींत व्हिनेगर असतेच. समभाग पाणी मिसळून ते क्षारांच्या डागांवर चांगले काम करते. परंतु अनेक वाचकभगिनींच्या मनात शंका असते की, आंबवून केलेला पदार्थ घरात आणावा काय? येथे वस्तुस्थिती जाणून घेणे हितावह. पारंपरिक व्हिनेगर हे आधी मद्य आणि त्यातून आम्ल, अशा दुहेरी किण्वनाने तयार होते. बाजारातील स्वस्त पांढरे व्हिनेगर मात्र पुष्कळदा ॲसिटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेले असते आणि बाटलीवर ‘सिंथेटिक’ असा उल्लेख असतो. उलट, किराणा दुकानात लिंबाचे फूल म्हणून मिळणारी सायट्रिक आम्लाची पूड लिंबापासून होत असेल असा आपला समज असतो. कारखान्यात ती प्रामुख्याने साखरेच्या मळीसारख्या गोड द्रवावर काळी बुरशी वाढवून तयार केली जाते. कोणती वस्तू घ्यावी आणि कोणती नाही, हे प्रत्येक घराने आपल्या नियमानुसार व गुरुमहाराजांच्या मार्गदर्शनाने ठरवावे. ज्यांना शंकाच नको, त्यांच्यासाठी लिंबाची पिळलेली साल आहेच.

टाळावयाच्या गोष्टी

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून होणारा फेस पाहून अनेकांना वाटते की जबरदस्त स्वच्छता होत आहे. वस्तुतः सोडा अल्कली आणि व्हिनेगर आम्ल; दोघे एकमेकांना खाऊन टाकतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरते किंचित खारट पाणी. वहीच्या भाषेत सांगायचे, तर जमा आणि नावे दोन्ही बाजू सारख्या, शिल्लक शून्य. वर त्या क्षाराचे पट्टे काचेवर उमटतात.

बटाट्याच्या किंवा कांद्याच्या फोडीने काच चोळावी, असेही सुचविले जाते. कंदमूळ आपल्या घरात येत नाही, तेव्हा त्याचा प्रश्न नाही. मक्याचे पीठ पाण्यात कालवून लावण्याची रीत तुलनेने निरुपद्रवी आहे, पण पिठाचा अंश खाचेत राहिला की मुंग्या येतात आणि पुढची विराधना आपणच ओढवून घेतो.

वर्तमानपत्राच्या बोळ्याने काच चकचकीत होते, हे खरे. तरीही अक्षरांकित कागदाने मळ पुसणे म्हणजे ज्ञानाची आशातना, ही आपली परंपरागत भावना आहे. दिवाळीनंतर पाचव्याच दिवशी ज्ञानपंचमी येते. दिगंबर बांधव ज्येष्ठात श्रुतपंचमी साजरी करतात. ज्या घरात श्रुताची पूजा होते, त्या घरात सुती फडके असताना छापील अक्षरे पायदळी कशाला तुडवावीत? शिवाय शाई ओल्या बोटांना आणि पांढऱ्या चौकटीलाही लागतेच.

पूर्वी कंदिलाच्या काचा चुलीच्या राखेने घासल्या जात. काजळी त्याने निघे, कारण राख अल्कधर्मी असते. आजच्या काचांवर पुष्कळदा ऊन अडविणारी फिल्म किंवा मुलामा असतो. त्यावर राख, रांगोळी वा तारेची घासणी फिरविल्यास तो कायमचा ओरबाडला जातो.

सर्वांत गंभीर सूचना अशी की, न्हाणीघरातील ब्लीच कोणत्याही आम्लात, मग ते व्हिनेगर असो, लिंबू असो वा शौचालय धुण्याचे द्रव असो, मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. ब्लीच आणि अमोनिया यांचे मिश्रणही तितकेच घातक. काचेच्या तयार द्रवांपैकी काहींत अमोनिया असतो, म्हणून वेष्टन वाचल्याशिवाय दोन बाटल्या एका बादलीत ओतू नयेत.

नैसर्गिक ते सर्व निर्दोष नव्हे

येथे एक समतोल राखला पाहिजे. बाजारातील प्रत्येक द्रव विष असते असे नाही, आणि घरातील प्रत्येक द्रावण अमृत असते असेही नाही. लिंबू व व्हिनेगर संगमरवराला खातात. आपल्या अनेक घरांत खिडकीचा कट्टा संगमरवरी असतो. आम्लाचा एक थेंब त्यावर राहिला तर चकाकी जाऊन कायमचा फिका डाग पडतो. कट्ट्यावर आधी जाड कोरडे कापड अंथरावे, आणि मंदिराच्या संगमरवराजवळ ही द्रावणे नेऊच नयेत. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमच्या चौकटीला काळवंडवितो. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होते. रिठ्यातील सॅपोनिन माशांना घातक असल्याने ते पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत ओतू नये. द्रावण लावण्यापूर्वी कीटक बाजूला काढावेत, हे पुन्हा सांगण्याचे कारणही तेच.

कोणतेही द्रावण सरबताच्या वा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये. तहानलेले मूल बाटलीचा आकार ओळखते, आतला पदार्थ ओळखत नाही. वेगळी बाटली घ्यावी, तिच्यावर मोठ्या अक्षरांत नाव आणि तारीख लिहावी व ती उंच ठेवावी.

पुसणारे हात कोणाचे?

आपण मुंगीसाठी पूंजणी घेतो, हे आपले भाग्य. पण त्याच वेळी सहाव्या मजल्यावरच्या खिडकीच्या कट्ट्यावर उभ्या राहून, एका हाताने चौकट धरून, बाहेरची काच पुसणाऱ्या कामाच्या मावशींकडे आपले लक्ष असते काय? पंचेंद्रिय जीवाचे रक्षण ही अहिंसेची पहिली पायरी आहे. दिवाळीच्या आधीचे दिवस घाईचे; ‘एवढी एक काच राहिली’ या शब्दांत केवढा धोका दडलेला असतो, याचा विचार व्हावा.

घरासाठी एक नियम ठरवून टाकावा. कट्ट्यावर कोणीही चढणार नाही. सून नाही, लेक नाही, मावशी नाहीत. जमिनीवर उभे राहून लांब दांड्याच्या रबरी पट्टीने जेवढे पोहोचेल तेवढे पुसावे. सरकत्या खिडकीचे पल्ले काही ठिकाणी आतल्या बाजूने उचलून काढता येतात. ते काम दोघांनी मिळून, खिडकीला जाळी वा गज असतील तेथेच करावे. जे पोहोचत नाही ते राहू द्यावे, अथवा सोसायटीमार्फत सुरक्षेची साधने असलेल्या माणसांकडून करून घ्यावे. बाहेरच्या काचेवर डाग राहिला म्हणून लक्ष्मी परत जात नाही.

बंद खोलीत उग्र वासाचा द्रव तासभर फवारणाऱ्या व्यक्तीच्या श्वासाचाही हाच प्रश्न आहे. दमा असलेल्यांना तो त्रास अधिक होतो. आपण बाटली विकत घेतो, वास मात्र दुसऱ्याच्या फुप्फुसात जातो. सौम्य द्रावण, उघडी खिडकी, हातमोजे आणि दिवाळीच्या जादा कामाचा जादा मोबदला, या चार गोष्टी मावशींच्या हक्काच्या आहेत.

पेढीचा आणि घराचा हिशेब

आपल्या व्यापारी बांधवांना काचेचा संबंध घरापेक्षा दुकानात अधिक येतो. सराफी पेढीतील कपाटे, कापड दुकानाचे दर्शनी दालन, औषधांची शोकेस, या काचांवर दिवसभर ग्राहकांच्या बोटांचे ठसे उमटतात. ठसा म्हणजे त्वचेचे तेल. सकाळी दुकान उघडताच गाळलेल्या पाण्याच्या वाटीत फडके भिजवून पिळावे आणि काच पुसावी. ठसे हट्टी असतील त्या दिवशी पाण्यात दोन चमचे रिठ्याचे पाणी घालावे. ताजा ठसा दोन हातांत जातो, महिन्याभराचा थर जात नाही.

बँकेतील नोकरीत आम्ही रोजची रोकड रोज जुळवीत असू. एका दिवसाची तफावत पाच मिनिटांत सापडते, तीच वर्षाअखेर शोधावयाची तर रात्री जागाव्या लागतात. काचेचेही तसेच आहे. आठवड्याची धूळ पाणी उचलते. वर्षाची धूळ, तेल आणि क्षार मिळून जो थर होतो, त्याला जालीम रसायन लागते. दुर्लक्षाची थकबाकी शेवटी मुक्या जीवांच्या आणि कष्टकरी हातांच्या खात्यावर पडते, हा या हिशेबातील खरा तोटा.

पैशांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. या महिन्यापासून किराणा बिलातील स्वच्छतेच्या सामानाची रक्कम वेगळ्या खाती लिहावी आणि पुढच्या दिवाळीला बेरीज करावी. ज्या घरांनी काचेचा द्रव, जाळ्यांचा फवारा आणि सुवासिक पुसणी यांना रजा दिली असेल, त्यांची बचत त्यांनी जीवदयेच्या कार्याला द्यावी. आकडा लहान असेल, तरी तो दानाच्या बाजूला जमा होईल.

आरंभ एका खिडकीपासून करावा. तिला एक वार ठरवून द्यावा, तिच्या खाचेजवळ पूंजणी टांगून ठेवावी, आणि घरातील मुलांना ते काम सोपवावे. खाचेतील मुंगीला वाट करून देऊन मग काच पुसणारे मूल यतना हा शब्द पाठ करण्यापूर्वीच आचरणात आणू लागेल. दीपोत्सवाच्या प्रकाशाला आपल्या खिडक्या मोकळ्या असोत आणि त्या मोकळ्या करताना कोणाही जीवाला आपल्याकडून पीडा न होवो, हीच मंगल भावना.

जय जिनेंद्र.